छेदात क्ष असलेली समीकरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत आठवी ते दहावीची मुलं, शिकवणी घेणारे आणि संध्याकाळी मुलांना अभ्यासाला बसवणारे पालक हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. मांडणी सोप्याकडून अवघडाकडे आहे. चलांसाठी इथे क्ष आणि य घेतलेत. पाठ्यपुस्तकातल्या एक्स-वायच्या जागी तेच वाचा. अपूर्णांक एका ओळीत लिहिले आहेत: (क्ष + १)/(क्ष − २) यात तिरक्या रेघेआधी अंश, नंतर छेद. उदाहरणांतले भाव, अंतरं आणि वेग आकडेमोड सुटसुटीत व्हावी म्हणून निवडलेले आहेत, बाजारात जाऊन तपासू नका.

१. क्ष/३ + क्ष/४ = ७ आणि ३/क्ष + १/४ = १ ही दोन्ही अपूर्णांकांचीच समीकरणं ना? मग दुसऱ्याला एवढं जपायचं कशाला?

पहिल्यात छेद ३ आणि ४ आहेत. ते कधीच शून्य होणार नाहीत. १२ ने गुणा, ४क्ष + ३क्ष = ८४, क्ष = १२, विषय संपला.

दुसऱ्यात छेदात क्षच बसला आहे. तो शून्य असेल तर ३/क्ष ला अर्थच उरत नाही. म्हणून हे समीकरण शून्य सोडून बाकीच्या संख्यांपुरतंच आहे. ४क्ष ने गुणलं की १२ + क्ष = ४क्ष, म्हणजे क्ष = ४. इथे काही बिघडलं नाही. पण छेद उडाला की ‘क्ष ≠ ०’ ही अटही कागदावरून उडते, आणि पुढचे बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात. म्हणून ती अट छेद उडवण्याआधी लिहून ठेवायची.

२. छेद शून्य का चालत नाही? उत्तर ‘अनंत’ लिहिलं तर?

६ ÷ २ = ३ म्हणतो, कारण ३ × २ = ६. आता ६ ÷ ० साठी अशी संख्या शोधा, जिला शून्याने गुणलं की ६ येतात. अशी संख्याच नाही. ० ÷ ० मध्ये उलटी अडचण: कुठलीही संख्या चालते, मग उत्तर म्हणून एक कुठली धरायची? हा पेच जुना आहे. ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात ० ÷ ० ला शून्यच मानलं होतं, आणि भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात शून्य छेदाच्या राशीला खहर म्हणून तिची तुलना अनंताशी केली. शालेय बीजगणितात मात्र सरळ ‘अर्थ नाही’ असंच धरायचं. ‘अनंत’ ही संख्या नव्हे. ती समीकरणात ठेवून पुढे बेरीज-वजाबाकी करता येत नाही.

३. असं समीकरण समोर आलं की सुरुवात कुठून करायची? पायऱ्या सांगा.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू:

२/(क्ष − ३) + १/(क्ष + ३) = १५/(क्ष² − ९)

आधी सगळ्या छेदांचे अवयव पाडा. क्ष² − ९ = (क्ष − ३)(क्ष + ३). लगेच बाजूला लिहा: क्ष ≠ ३, क्ष ≠ −३. मग लसावि: (क्ष − ३)(क्ष + ३). या लसाविने दोन्ही बाजूंचं प्रत्येक पद गुणा. एकही पद सुटता कामा नये:

२(क्ष + ३) + १(क्ष − ३) = १५
२क्ष + ६ + क्ष − ३ = १५
३क्ष = १२, क्ष = ४

४ ही किंमत बाजूला लिहिलेल्या यादीत आहे का? नाही. मग ती मूळ समीकरणात ठेवा: डावी बाजू २/१ + १/७ = १५/७, उजवी बाजू १५/(१६ − ९) = १५/७. जुळलं.

अवयव पाडणं आणि यादी करणं या दोन पायऱ्या बहुतेक मुलं गाळतात आणि थेट गुणायला घेतात. तसं करू नका, कारण छेद उडवून झाल्यावर यादी करायला पुन्हा मूळ समीकरणाकडे जावं लागतं आणि तिथवर कुणी जात नाही.

४. लसावि काढायचा कंटाळा येतो. सगळ्या छेदांचा सरळ गुणाकार घेतला तर?

गणित सुटतं, पण काम वाढतं आणि धोकाही वाढतो. हे पाहा: ३/(क्ष − १) = २/(क्ष − १) + १/२. लसावि २(क्ष − १) ने गुणलं तर ६ = ४ + क्ष − १, क्ष = ३. झालं.

आता सगळ्या छेदांच्या गुणाकाराने, म्हणजे २(क्ष − १)² ने गुणू. ६(क्ष − १) = ४(क्ष − १) + (क्ष − १)². सगळं एका बाजूला आणलं की (क्ष − १)(क्ष − ३) = ०, म्हणजे क्ष = १ किंवा ३. यातला १ आपण स्वतःच्या हाताने तयार केला. मूळ समीकरणात तो बसूच शकत नाही (प्रश्न १० पाहा).

लसाविचा नियम संख्यांसारखाच आहे: प्रत्येक अवयव घ्यायचा, त्याचा सर्वांत मोठा घात घ्यायचा. छेद ४(क्ष − १) आणि ६(क्ष − १)² असतील तर लसावि १२(क्ष − १)². छेद क्ष² − ५क्ष + ६ आणि क्ष² − ९ असतील तर आधी अवयव, (क्ष − २)(क्ष − ३) आणि (क्ष − ३)(क्ष + ३), म्हणून लसावि (क्ष − २)(क्ष − ३)(क्ष + ३). क्ष − ३ दोनदा घ्यायचा नाही.

५. एका छेदात क्ष − ३ आणि दुसऱ्यात ३ − क्ष. हे दोन वेगळे छेद धरायचे का?

नाही. ३ − क्ष = −(क्ष − ३). वजा चिन्ह अपूर्णांकाच्या पुढे आणा, छेद एकच होतो. ५/(क्ष − ३) + २/(३ − क्ष) = १ हे ५/(क्ष − ३) − २/(क्ष − ३) = १ झालं, म्हणजे ३/(क्ष − ३) = १, क्ष = ६. मधल्या अधिकचं वजा झालं, नेमकं तेच बदलायचं राहून जातं.

६. तिरकस गुणाकार कधी करायचा? आमच्या वर्गात सगळे सगळीकडे करतात.

दोन्ही बाजूंना फक्त एक-एक अपूर्णांक असेल तेव्हाच. म्हणजे अ/ब = क/ड, तर अड = बक. तिरकस गुणाकार ही काही वेगळी जादू नाही, दोन्ही बाजू बड ने गुणण्याचाच तो आखूड मार्ग आहे.

कुठल्याही बाजूला बेरीज किंवा वजाबाकी असेल तर थांबा. २/क्ष + १/३ = ४/क्ष यात अनेक मुलं १/३ आणि ४/क्ष यांचा तिरकस गुणाकार करून टाकतात आणि २/क्ष आहे तसा पुढे ढकलतात: २/क्ष + क्ष = १२. त्यातून क्ष² − १२क्ष + २ = ० असं वर्गसमीकरण येतं, त्याची उत्तरं करणीत येतात, आणि मुलाला वाटतं गणितच अवघड होतं. खरं गणित दोन ओळींचं आहे. ३क्ष ने सगळी पदं गुणा: ६ + क्ष = १२, क्ष = ६. ताळा: १/३ + १/३ = २/३ आणि ४/६ = २/३.

डाव्या बाजूची बेरीज करून आधी एक अपूर्णांक केला, तर त्यानंतर तिरकस गुणाकार चालतो. फक्त त्यात काम दुप्पट होतं.

७. (क्ष + ४)/(क्ष + ६) मधला क्ष वर-खाली काटला, तर ४/६ का येत नाही?

कारण काटता येतो तो गुणाकारातला अवयव, बेरजेतलं पद नाही. शंका आली की एखादी संख्या ठेवून पाहा: क्ष = २ घेतला तर ६/८ येतात. ६/८ म्हणजे ३/४ आणि ४/६ म्हणजे २/३. विषय मिटला.

८. पद्धत बरोबर असते, तरी उत्तर चुकतं. नेमकं कुठे पाहू?

दोन जागा आधी पाहा.

पहिली जागा, अपूर्णांकापुढचं वजा चिन्ह. ६/(क्ष − १) − (क्ष − ४)/(क्ष − १) = १ घ्या. छेद उडवताना लिहायचं ६ − (क्ष − ४) = क्ष − १. कंस ठेवा! तो सुटला की ६ − क्ष + ४ = क्ष − १, ११ = २क्ष, क्ष = ५.५. कंस न ठेवणारा ६ − क्ष − ४ लिहितो आणि त्याला १.५ मिळतात. १.५ मूळ समीकरणात ठेवले तर डावी बाजू १७ येते, उजवीकडे तर १ आहे. अपूर्णांकाची आडवी रेघ ही अंशासाठी कंसाचं काम करते. रेघ गेली की तो कंस आपण लिहायचा असतो.

दुसरी जागा, एकटी बसलेली संख्या. वरच्याच गणितात उजवीकडचा १ लसाविने गुणायचा राहतो आणि ‘= १’ तसाच उतरतो. ज्याला छेद नाही त्यालाही लसाविने गुणायचं असतं.

९. विज्ञानात समांतर जोडणीचा रोध काढताना १/रो = १/३ + १/६. मग रो = ३ + ६ = ९ का नाही?

बेरजेचा व्यस्त म्हणजे व्यस्तांची बेरीज नव्हे. आधी उजवी बाजू एकत्र करा: २/६ + १/६ = ३/६ = १/२. दोन्ही बाजूंना आता एकच अपूर्णांक आहे, आता उलटा करा: रो = २ ओहम. ९ ओहम हे एकसर जोडणीचं उत्तर आहे. इथे उलट्या बाजूची चूकही खूप होते: १/रो = १/२ आल्यावर घाईत ‘रो = १/२’ लिहून मोकळं व्हायचं. समांतर जोडणीत एकूण रोध सर्वांत लहान रोधापेक्षाही कमी असतो, त्यामुळे ९ पाहताच खटकायला हवा. १/२ मात्र त्या कसोटीतूनही निसटतो, तिथे ओळ पुन्हा वाचणं हाच उपाय.

१०. सगळ्या पायऱ्या बरोबर, उत्तर क्ष = २. पुस्तकात मागे ‘उकल नाही’. पुस्तक चुकलंय का?

बहुधा पुस्तक बरोबर आहे. गणित पाहा: क्ष/(क्ष − २) + १ = २/(क्ष − २). क्ष − २ ने गुणा: क्ष + क्ष − २ = २, म्हणून क्ष = २. आकडेमोडीत चूक नाही. पण २ ठेवला की मूळ समीकरणाचे छेद शून्य होतात.

चूक नसताना चुकीचं उत्तर आलं कसं? आपण दोन्ही बाजू क्ष − २ ने गुणल्या. क्ष = २ असेल तर आपण शून्याने गुणलं. शून्याने गुणलं की ५ = ७ हेसुद्धा ० = ० होऊन खरं ठरतं. म्हणजे गुणल्यानंतरचं समीकरण आधीच्यापेक्षा ढिलं असतं. मूळच्या सगळ्या उकली त्यात असतातच, शिवाय छेद शून्य करणारी एखादी संख्या आत शिरू शकते. तिला खोटी उकल म्हणू. याच गणितात २/(क्ष − २) डावीकडे आणला तर (क्ष − २)/(क्ष − २) + १ = ०, म्हणजे २ = ० उरतं. हे समीकरण मुळातच खोटं होतं, क्ष कुठलाही घ्या.

वर्गसमीकरण आलं की अनेकदा एक उकल खरी आणि एक खोटी निघते. क्ष/(क्ष − १) − ६/(क्ष + १) = २/(क्ष² − १). यादी: क्ष ≠ १, −१. लसाविने गुणून क्ष² + क्ष − ६क्ष + ६ = २, म्हणजे क्ष² − ५क्ष + ४ = ०, क्ष = १ किंवा ४. १ यादीत आहे, तो गेला. ४ चा ताळा: ४/३ − ६/५ = २/१५, उजवीकडेही २/१५. उत्तर एकच, ४.

११. यादी केली असेल तर ताळाही करायलाच हवा का?

दोघांची कामं वेगळी आहेत. यादी खोटी उकल पकडते, ताळा आकडेमोडीतली चूक पकडतो. ताळा नेहमी मूळ समीकरणात करा. छेद उडवल्यानंतरच्या ओळीत केलात तर खोटी उकल तिथे मजेत बसते, आणि मांडणी चुकली असेल तर चुकीच्या मांडणीशीच उत्तर जुळतं.

१२. माझं उलटं झालं. उत्तरं दोन हवी होती, मला एकच मिळालं.

बहुतेक वेळा क्ष असलेल्या राशीने भागलं गेलेलं असतं. क्ष²/(क्ष + २) = ३क्ष/(क्ष + २) मधून क्ष² = ३क्ष येतं. इथे क्ष ने भागून क्ष = ३ लिहिलं की क्ष = ० हरवला. मूळ समीकरणात तो बिनधास्त बसतो, छेद २ येतो. भागू नका, सगळं एका बाजूला घ्या: क्ष(क्ष − ३) = ०.

आणखी एक सापळा: (क्ष − ५)/(क्ष + १) = (क्ष − ५)/(२क्ष − ३). ‘अंश सारखे, म्हणून छेद सारखे’ असं म्हणून क्ष = ४ येतं. ते खरं आहे, पण अर्धंच. अंश शून्य असेल तर छेद वेगळे असूनही दोन्ही बाजू शून्य होतात. क्ष = ५ ठेवा: ०/६ = ०/७. उत्तरं ४ आणि ५.

गुणल्याने उकल वाढू शकते (प्रश्न १०), भागल्याने हरवू शकते.

१३. दहावीला २/क्ष + ३/य = २ आणि ४/क्ष − ३/य = १ अशी जोडी येते. लसावि घेतला तर क्ष × य असं पद येतं आणि गुंता होतो.

इथे लसावि घ्यायचाच नाही. १/क्ष = म आणि १/य = न माना. २म + ३न = २, ४म − ३न = १. बेरीज करून ६म = ३, म = १/२, मग न = १/३. म्हणून क्ष = २, य = ३. म आणि न वरच थांबणारी मुलं भरपूर आहेत; विचारलं आहे क्ष आणि य.

बारीक अपवाद: म = ० आलं तर? १/क्ष कधीच शून्य होत नाही, त्यामुळे त्या जोडीला उकल नाही. नवं समीकरण सुटतं, मूळ सुटत नाही.

१४. होडीच्या शाब्दिक उदाहरणात समीकरण कसं मांडायचं? आणि दोन उत्तरांपैकी एक का टाकतात?

समजा दाभोळच्या खाडीत ओहोटी लागली आहे आणि प्रवाहाचा वेग ताशी २ किमी आहे. एक होडी प्रवाहाविरुद्ध ८ किमी वर जाते आणि लगेच ८ किमी परत येते. एकूण ३ तास लागतात. संथ पाण्यातला वेग क्ष धरा. वर जाताना क्ष − २, येताना क्ष + २. वेळ = अंतर ÷ वेग, म्हणून

८/(क्ष − २) + ८/(क्ष + २) = ३

१६क्ष = ३(क्ष² − ४), म्हणजे ३क्ष² − १६क्ष − १२ = ०. विवेचक (वर्गसमीकरणाच्या सूत्रात वर्गमुळाखाली येणारी राशी) २५६ + १४४ = ४००. क्ष = ६ किंवा −२/३. ताळा: ८/४ + ८/८ = ३.

आता −२/३ कडे नीट पाहा. ही प्रश्न १० मधली खोटी उकल नव्हे. मूळ समीकरणात ठेवली तर −३ + ६ = ३ असा ताळा अचूक जमतो. ती टाकायची ती होडीचा वेग ऋण नसतो म्हणून. खोटी उकल समीकरणच नाकारतं, ही प्रश्नातली परिस्थिती नाकारते. उत्तरात कारणही तसंच लिहा. खरं तर इथे अट त्याहून कडक आहे: क्ष > २ हवा, नाहीतर होडी वर चढणारच नाही.

प्रश्न वाचताना मात्र खाडी लक्षात ठेवा. भरती आणि ओहोटी साधारण सव्वासहा तासांनी पालटतात. ३ तासांचा फेरा एका ओहोटीत बसतो म्हणून प्रवाह एकाच दिशेचा धरला. प्रश्नात ‘भरतीबरोबर वर गेली आणि ओहोटीबरोबर परतली’ असं असेल, आणि खाडीतली माणसं शक्यतो तसंच करतात, तर दोन्ही वेळा वेग क्ष + २ होतो आणि वर्गसमीकरण लागतच नाही.

१५. ‘डझनाचा भाव १०० ने कमी असता तर त्याच पैशात एक डझन जास्त आले असते’, यात कशातून काय वजा करायचं?

रक्कम ३००० रुपये आणि हापूसचा डझनाचा भाव क्ष रुपये धरू. आत्ता ३०००/क्ष डझन येतात, स्वस्त असता तर ३०००/(क्ष − १००). स्वस्त भावात डझन जास्त, म्हणून मोठ्यातून लहान:

३०००/(क्ष − १००) − ३०००/क्ष = १

छेद उडवून क्ष² − १००क्ष − ३००००० = ०. या शून्यांना घाबरून मुलं इथेच सोडून देतात. क्ष = १००ट ठेवा आणि १०००० ने भागा: ट² − ट − ३० = ०, ट = ६ किंवा −५. भाव ६०० रुपये. आत्ता ५ डझनाची पेटी, भाव ५०० असता तर ६ डझनाची. वजाबाकी उलटी मांडली असती तर क्ष² − १००क्ष + ३००००० = ० आलं असतं, त्याचा विवेचक ऋण आहे. शाब्दिक उदाहरणात विवेचक ऋण आला तर आधी मांडणीच्या दिशेवर संशय घ्या.

१६. दोन पंप मिळून बागेची टाकी ६ तासांत भरतात, एकेकटे चालवले तर एकाला दुसऱ्यापेक्षा ५ तास जास्त लागतात. क्ष + (क्ष + ५) = ६ का चुकतं?

वेळांची बेरीज होत नाही, एका तासात होणाऱ्या कामाची होते. १/क्ष + १/(क्ष + ५) = १/६. त्यातून क्ष² − ७क्ष − ३० = ०, क्ष = १० (−३ टाकलं, कारण प्रश्न १४ मधलंच). पंपांना १० आणि १५ तास. लिहिण्याआधी एक झटपट तपासणी: दोघांचा मिळून वेळ हा वेगवान पंपाच्या निम्म्या आणि संथ पंपाच्या निम्म्या वेळेच्या मधे पडतो. इथे ५ आणि ७.५ यांच्या मधे ६. टाकीला गळती असेल तर तिचं पद वजा.

१७. कुंभार्ली घाट चढताना ताशी ३० किमी, तेवढंच अंतर उतरताना ताशी ६०. सरासरी ४५ का नाही?

चढणीवर वेळ जास्त जातो, म्हणून संथ वेगाचं वजन जास्त. सरासरी = २ ÷ (१/३० + १/६०) = ताशी ४० किमी. अंतर कितीही असो, ते कटून जातं.

याच प्रश्नाचं अवघड रूप: चढताना ताशी २०, एकूण सरासरी ४० हवी असेल तर उतरताना वेग किती? १/२० + १/क्ष = २/४० = १/२०, म्हणजे १/क्ष = ०. उकल नाही. जाऊन-येऊन सरासरी ४० साठी जेवढा वेळ हवा तेवढा सगळा चढणीवरच संपला. आता गाडी कितीही पळवली तरी उपयोग नाही. उत्तर ‘६०’ लिहिणारे इथे सरळ सरासरी काढत असतात.

१८. परीक्षेत किती लिहायचं? आणि कोकण बोर्डाला काही वेगळी पद्धत लागते का?

वेगळं काही नाही. रत्नागिरीचं कोकण विभागीय मंडळ हे राज्य मंडळाचाच विभाग आहे आणि प्रश्नपत्रिका सगळ्या विभागांना एकच असते. ‘क्ष काय आहे’ हे एककासकट एका ओळीत, मग अट, मग समीकरण, आणि टाकलेल्या उत्तरापुढे कारण. नुसती काट मारून ठेवलेलं −३ पाहून तपासणाऱ्याला कळत नाही की मुलाने विचार केला की अंदाज.

१९. सोडवता सोडवता सगळं कटलं आणि ० = ० उरलं. उत्तर काय लिहू?

१/(क्ष − १) − १/(क्ष + १) = २/(क्ष² − १) घेतलं तर लसाविने गुणून २ = २ उरतं. म्हणजे क्ष ची कुठलीही किंमत चालते, पण १ आणि −१ सोडून. नुसतं ‘सर्व संख्या’ लिहिलं तर चूक. उलट ० = ५ सारखं काही उरलं तर उकल नाही.

२०. छेदाच्या आत पुन्हा छेद असेल तर यादी कशी करायची?

आतून बाहेर या. १/(१ + १/क्ष) = क्ष पाहा. आतला छेद क्ष, म्हणून क्ष ≠ ०. बाहेरचा छेद १ + १/क्ष, तो शून्य होतो क्ष = −१ ला. यादीत दोन्ही. आता सरळ रूप: क्ष/(क्ष + १) = क्ष, त्यावरून क्ष = क्ष² + क्ष, क्ष² = ०, क्ष = ०. तो यादीत आहे, म्हणून उकल नाही. यादी सरळ रूप दिल्यानंतर केली असती तर फक्त −१ दिसला असता आणि शून्य उत्तर म्हणून गेला असता.

२१. नववीतली योग-वियोग क्रिया इथे वापरली तर एक उत्तर कमी येतं. का?

वर्गमूळ घेताना ± विसरल्यामुळे. [(क्ष + १)² + (क्ष − १)²] / [(क्ष + १)² − (क्ष − १)²] = १३/१२ ला योग-वियोग क्रिया लावली, म्हणजे दोन्ही बाजूंना (अंश + छेद)/(अंश − छेद) घेतलं की (क्ष + १)²/(क्ष − १)² = २५/१. इथून (क्ष + १)/(क्ष − १) = ५ किंवा −५. पहिल्यातून क्ष = ३/२, दुसऱ्यातून २/३. मूळ डावी बाजू (क्ष² + १)/(२क्ष) इतकीच आहे. दोन्ही किमतींना ती १३/१२ येते. या क्रियेत अंश वजा छेद याने भागलं जातं, त्यामुळे ते शून्य नाही याची खात्री करा. इथे ते २(क्ष − १)² आहे, म्हणून क्ष = १ मूळ समीकरणात वेगळा तपासायचा: डावीकडे १ येतो, १३/१२ नाही.

२२. समीकरणाऐवजी > किंवा < असेल तर लसाविने गुणायची हीच पद्धत चालेल का?

तशीच नाही. (क्ष + १)/(क्ष − २) > २ ला क्ष − २ ने गुणून क्ष + १ > २क्ष − ४, म्हणजे क्ष < ५ येतं. क्ष = ० ठेवा: −१/२ > २? खोटं. ऋण संख्येने गुणलं की चिन्ह उलटतं, आणि क्ष − २ धन आहे की ऋण हे आपल्याला माहीत नसतं. म्हणून गुणू नका, सगळं डावीकडे आणून एक अपूर्णांक करा: (५ − क्ष)/(क्ष − २) > ०. अंश आणि छेद एकाच चिन्हाचे हवेत, ते फक्त २ आणि ५ यांच्या मधे घडतं. उत्तर २ < क्ष < ५. चिन्ह > ऐवजी ≥ असतं तर ५ आत आला असता. २ तेव्हाही बाहेरच राहिला असता.